शिवारवाणीचा डिजिटल विभागप्रमुख

१ जुलै २०१७, शनिवार. सकाळी ६.१०
आजपासून डिजिटल.

काल आपलं रेडिओ केंद्र चालवणाऱ्या संस्थेचे सचिव भगवंतराव यांनी बैठक घेतली. म्हणाले, फुकट डेटा आल्यापासून रेडिओ ऐकतं कोण? त्यांनी जानेफळच्या बाजारात चाळीस जणांना विचारलं होतं. तेहतीस जण मोबाइल बघतात. पाच जण आपलं केंद्र लावतात. दोघांनी उलट विचारलं, असं केंद्र आहे का? मी विचारलं, त्या पाचांत माझे वडील होते काय. होते.

डिसेंबरात संस्था ठरवणार, ‘शिवारवाणी ९०.४’ चालू ठेवायचं की टॉवर उतरवायचा. सहा महिने आहेत. पुष्कळ झाले.

डिजिटल विभागप्रमुख ही जबाबदारी मी स्वतःहून स्वीकारली. कोणी हरकत घेतली नाही. केंद्रात आम्ही दोघेच. मी मुख्य निवेदक, हैदर तंत्रज्ञ. हैदर तेव्हा पंखा दुरुस्त करत होता.

संकल्प: ३१ डिसेंबरपर्यंत एक लाख सबस्क्रायबर. रोज एक व्हिडिओ. घरीदारी प्रमाण भाषाच बोलायची (हा संकल्प १९९४चा, पुण्यात दोन वर्षं राहून आलो तेव्हाचा. फक्त रिन्यू केला). आणि मोबाइल सारखा सारखा बघायचा नाही.

६ जुलै, गुरुवार
यूट्यूबवर चॅनेल उघडलं. पासवर्ड कठीण ठेवला, कोणी चोरू नये म्हणून. दुपारी मलाच आठवेना. हैदरने दुसरं चॅनेल उघडून दिलं. आता आपली दोन चॅनेल्स आहेत. विस्तार.

९ जुलै, रविवार
पहिला व्हिडिओ. ‘बळीराजाशी सुसंवाद’. बावीस मिनिटं. लग्नातला ब्लेझर घातला. मागे बर्फाच्या डोंगराचं फ्लेक्स. हैदर म्हणाला, मागे आपली कापसाची पऱ्हाटी दाखवू, लोकांना ओळखीची वाटेल. मी समजावलं, पऱ्हाटी लोक रोज बघतात, डोंगर कुठे बघतात? त्याने फ्लेक्सला खिळे ठोकले.

बारा जण बघून गेले. त्यातले आठ वेळा मी. तरी चार राहतात. चारावर पहिल्याच दिवशी कोणी पोचलेलं नसेल.

१० जुलै, सोमवार
सकाळपासून मोबाइल तेवीस वेळा बघितला. बाराच आहेत. यंत्रणेत बिघाड असावा.

२ ऑगस्ट, बुधवार
रोज एक व्हिडिओ हा संकल्प दर्जाच्या दृष्टीने चुकीचा होता. आता आठवड्याला एक.

मंजुश्री म्हणाली, तुमचा व्हिडिओ शाळेतल्या मास्तरांना दाखवला, सगळ्यांना आवडला. काय आवडलं विचारलं, तर म्हणे ब्लेझर. बायको स्वतः शिक्षिका असून तिला आशयाकडे बघता येत नाही, याचं वाईट वाटलं.

२१ ऑगस्ट, सोमवार. पोळा
ऐतिहासिक दिवस. आपलं पहिलं फेसबुक लाइव्ह, जानेफळच्या पोळ्यातून. तोरण, झुलीतले बैल, सगळ्याचं चाळीस मिनिटं सलग धावतं वर्णन केलं. तीनशे दहा लोकांनी बघितलं! कमेंटा येतच होत्या, पण मी बोलण्यात रंगलो होतो, वाचल्या नाहीत.

घरी येऊन वाचल्या. ‘काका, कॅमेरा पलटवा’, अशा एकशे वीस. कॅमेरा माझ्याकडेच होता. पूर्ण पोळाभर माझी हनुवटी दिसत होती. शेवटी एक शिंग येऊन गेलं.

पण तीनशे दहा. आणि कोणी मधूनच सोडून गेलं नाही, असं हैदर म्हणाला. तो हसत होता. बहुधा आनंदाने.

२८ ऑगस्ट, सोमवार. दुपारी ४
श्रोत्यांसाठी व्हॉट्सॲप नंबर सुरू करून आठवडा झाला. अपेक्षा अशी होती की लोक नीट मुद्देसूद पत्र लिहितील. लोक बोलूनच पाठवतात. एकेचाळीस व्हॉइस मेसेज आले. सगळे वऱ्हाडीत. पाठीमागे बकऱ्या, भांडी, मोटारसायकल. एकही प्रसारणयोग्य नाही. मी ‘सुधारणा आवश्यक’ नावाचं फोल्डर केलं आणि सगळे त्यात टाकले.

त्यातला एक हैदरची मोठी बहीण शकीला हिचा. गावाबाहेर चार एकर वावर आहे तिचं, ती आणि नवरा मिळून करतात. म्हणते, पऱ्हाटीच्या काही कळ्या उमलतच नाहीत, गुलाबाच्या कळीसारख्या पिळून बसल्यात. फोडून पाहिलं तर आत बारीक अळी. बीटी कापसात अळी कशी, असं विचारत होती.

हैदरला सांगितलं, बहिणीला कळव, बीटीत बोंडअळी येत नाही. तसं पाकिटावर लिहिलेलं असतं. शिवाय माझी आठ भागांची मालिकाच आहे, ‘बीटी आणि निश्चिंती’, २०११ची. दर सोमवारी आपण पुन्हा लावतो. आजच चौथा भाग गेला. बाबांनी वावरात बसून ऐकला. रात्री जेवताना म्हणाले, मस्त आवाज लागला होता तुहा. सहा वर्षांपूर्वीचाच आवाज आहे, पण ते सांगितलं नाही.

२९ ऑगस्ट, मंगळवार
बाबांनी सकाळी सहज विचारलं की अळीबिळीचं काही ऐकू आलं का. मी म्हणालो, चिंता नसावी. त्यांनी मान हलवली आणि रेडिओ पिशवीत टाकून निघाले. इंद्रभान म्हातारा पंच्याहत्तरीतही रोज वावरात जातो, असं गावात सगळे बाबांचं कौतुक करतात. मी दोन वर्षांत गेलो नाही. धुळीने गळा बसतो. माझ्या गळ्यावर केंद्र चालतं.

१८ सप्टेंबर, सोमवार
शकीलाचा दुसरा मेसेज. दोन मिनिटं चाळीस सेकंद. तिने आमचं उत्तर ऐकलेलं दिसत नाही. बसने मेहकरला कृषी कार्यालयात गेली, कळ्या पदराच्या गाठीत बांधून. तिथल्या साहेबांनी गुलाबी बोंडअळी म्हणून सांगितलं. मग हिने अळीचे पतंग पकडायचे सापळे आणले, लावले, आणि आता सगळ्यांना सांगत बसली आहे.

हैदरने माझ्यासमोर दोनदा वाजवला. म्हणाला, सर, आजच लावू, ‘निश्चिंती’च्या जागी. मी विचार केला. विषय महत्त्वाचा असू शकतो. पण भाषा बघा. शब्दशः उतरवून ठेवतो, पुढे उच्चारदोषांचं उदाहरण म्हणून उपयोगी पडेल:

“बीटी हाय म्हनून निवांत बसू नका. मी बी बसली होती. पिळल्यावानी कळी दिसली का तोडा अन् जाळून टाका. वावरातून फिरत फिरत वीस हिरवी बोंडं तोडा, घरी आना, फोडा. दोनात जरी अळी दिसली तरी फवारनीचं पाहा, साहेबाले इचारून. बोंड वरून चांगलंच दिसते, बाई. फोडल्याबिगर समजत नाही.”

निर्णय घेतला. मी स्वतः हे प्रमाण मराठीत लिहून सादर करीन, रेडिओ आणि यूट्यूब दोन्हीकडे. चार दिवस लागतील. तोवर मालिका चालू राहू दे. मध्येच खंड पडला तर श्रोता गोंधळतो.

हैदरने मेसेज आपल्या मोबाइलवर घेतला. बहिणीचा आवाज आहे, आठवण म्हणून घेतला असेल.

२२ सप्टेंबर, शुक्रवार
लेखन सुरू. ‘बोंड’ हा शब्द खटकतो. ‘कार्पासफल’ चांगला वाटतो. ‘पिळलेली कळी’ला शब्द सापडत नाही. मंजुश्रीला विचारलं. ती म्हणाली, पिळलेली कळी.

पार्श्वसंगीत बासरी की सतार? झोप नीट लागत नाही. दर अर्ध्या तासाने उठून शब्द बदलतो.

३० सप्टेंबर, शनिवार. दसरा
घरचे सगळे काल नागपूरला दीक्षाभूमीवर गेले. मी गेलो नाही, काम आहे म्हणून. पूर्ण दिवस होता. अडीच पानं लिहिली, दीड खोडली. केंद्राच्या फोनवर सारखे फोन. साखरखेर्ड्याहून, लोणारकडून, एक तर जालना जिल्ह्यातून. आपला टॉवर पंधरा किलोमीटरच्या पुढे पोचत नाही, म्हणजे हे यूट्यूबवरचे प्रेक्षक. सगळे एकच विचारतात, ‘ते वीस बोंडाचं सांगनारे’ इथेच का? मी म्हणालो, हो, तयारी चालू आहे. माझा कार्यक्रम जाहीर होण्याआधीच एवढी उत्कंठा. बातमी कशी फुटली कळत नाही.

४ ऑक्टोबर, बुधवार
रोहिणखेडहून फोन. तिथे मशिदीजवळच्या चौकात लोकांनी एकत्र बसून बोंडं फोडली म्हणे. मी विचारलं, कोणत्या व्हिडिओवरून? ते म्हणाले, व्हिडिओ कुठला, ती बाई बोलते ते. फोन कट झाला. ग्रामीण भागात नेटवर्कची मोठी समस्या.

१२ ऑक्टोबर, गुरुवार
प्रकाशित! ‘गुलाबी बोंडअळी: एक चिंतन’. चौतीस मिनिटं. बासरी आणि सतार दोन्ही घेतली. रेडिओवरून मालिकेची ही फेरी आटोपली की, म्हणजे २७ नोव्हेंबरच्या सोमवारी.

रात्री ९: सव्वीस व्ह्यूज. एक कमेंट: ‘शकीलाबाईचं लावा’.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार
हैदरला विचारलं. त्याने सरळ सांगितलं. १९ सप्टेंबरला त्याने तो मेसेज चार ग्रुपांवर टाकला होता. तिथून तो गेला, कुठे कुठे गेला ते त्यालाही माहीत नाही. आता शकीला रोज एक पाठवते आणि लोक वाट बघतात.

मी म्हणालो, परवानगी घ्यायला हवी होती. तो म्हणाला, घेतली, आपाची, म्हणजे शकीलाची. त्यावरचं उत्तर मला दुपारी सुचलं, पण तेव्हा तो जेवायला गेला होता.

शांतपणे विचार केला. शकीलाचा मेसेज आपल्या नंबरवर आला होता. नंबर माझ्या कल्पनेतून निघाला. म्हणजे मुळात हे यश विभागाचंच. तरी दिवसभर कुठे बसवेना. तीन वेळा जिना चढलो-उतरलो.

१२ नोव्हेंबर, रविवार
साखरखेर्ड्याच्या बचत गटाच्या महिलांनी ‘रेडिओवाल्यांना’ सभेला बोलावलं. ब्लेझर प्रेस केला. चाळीस मिनिटांचं भाषण. शकीलालाही सोबत बोलावलं होतं, सामान्य श्रोत्याचं उदाहरण म्हणून असेल.

गर्दी मोठी. चारशे तरी बायका, पुरुष मागे उभे. माइकचा स्टँड मोडलेला होता. आयोजिका बनाबाई यांनी माझ्या हातात माइक दिला. मी घसा साफ केला. मग त्यांनी माझा हात धरून तो शकीलाच्या तोंडापुढे नेला आणि म्हणाल्या, असाच धरा भाऊ, हलवू नका.

ती एक तास दहा मिनिटं बोलली. कागद नाही, काही नाही. बायका पदरातून बोंडं काढून दाखवत होत्या, ती फोडून सांगत होती. तिचंही सगळं पीक वाचलेलं नाही, हे तिने आधीच सांगून टाकलं. पहिल्या दोन वेचण्या चांगल्या आल्या, पुढचं अळीने खाल्लं. आता फरदड, म्हणजे वेचण्या संपल्यावरही राखलेलं पीक, ठेवायची नाही, पऱ्हाटी उपटून टाकायची, असं म्हणाली. एक बाई रडायला लागली. तिने सापळे लावले नव्हते. शकीला बोलायची थांबली, खाली उतरून तिच्याजवळ जाऊन बसली. मी माइक धरून उभाच. दंड भरून आला होता.

कार्यक्रम उत्तम. मंचावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत माइक माझ्याच हातात होता.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार
मंजुश्री म्हणाली, बाबा दोन दिवसांपासून नीट जेवत नाहीत. मी म्हणालो, ऋतुबदल. ती म्हणाली, एकदा वावरात जाऊन पाहा. रविवारी रेकॉर्डिंग आहे असं सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं फक्त. काऊन बघते अशी, कळत नाही.

(वर ‘काऊन’ लिहिलं गेलं. ‘का’ असं वाचावं.)

२६ नोव्हेंबर, रविवार
गेलो.

बाबा बांधावर बसले होते. रेडिओ शेजारी, बंद. वावरात त्यांचा रेडिओ बंद मी कधी बघितला नव्हता. पुढ्यात बोंडांचा ढीग, एकेक फोडून बाजूला ठेवत होते. मी बसलो. वीस झाल्यावर मोजली. सतरा बोंडं किडकी. कापूस पिवळा, चिकटलेला. झाडं वरून हिरवीगार, डोक्याएवढी. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटावं, यंदा काय पीक आहे.

बाबांनी हात पुसले. मग, रागाने नाही, हिशोब सांगावा तसं म्हणाले, “शेजारच्या जनकाबाईनं सांगतलं होतं मले. शकीला फोनवर सांगून राह्यली, बोंडं फोडून पाहा म्हने. मी म्हनलं, माहा पोरगा रेडिओवर हाय. असं काई असतं तर त्यानं सांगतलं नसतं का?”

त्यांच्याकडे साधा फोन आहे. बटणांचा. त्यांना तो मेसेज ऐकू येणारच नव्हता. त्यांना फक्त मी ऐकू येत होतो.

घरी आलो. कारणं लिहायला बसलो. एक: शब्द सापडत नव्हते. दोन:

२७ नोव्हेंबर, सोमवार
बाकीची कारणं आज लिहायची होती. लिहिली नाहीत. ‘निश्चिंती’चे आठही भाग हैदरला पुसायला सांगितले. तो म्हणाला, सप्टेंबरापासून रोज वाटत होतं तुम्ही सांगाल. मग त्याने पुसले. आठ सेकंदही लागले नाहीत.

व्ह्यूज बघितले नाहीत. (एकदाच बघितले.)

२० डिसेंबर, बुधवार
भगवंतरावांची बैठक. यूट्यूबचे आकडे मागितले. दोन्ही चॅनेल मिळून एकसष्ट सबस्क्रायबर. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, शकीलाबाईचे मेसेज फिरतात ते रेडिओविनाच फिरतात. मग टॉवर कशाला?

माझं बारा पानी निवेदन तयार होतं, ‘श्राव्य माध्यमाचे चिरंतनत्व’. खिशातून काढलं. वाचलं नाही. मी वीसातल्या सतरा बोंडांचं सांगितलं. कोणाच्या वावरातली तेही सांगितलं. ज्यांच्याकडे बटणांचा फोन आहे त्यांच्यापर्यंत हा टॉवरच पोचतो, आणि तो माझ्या हातात होता, आणि मी शब्द शोधत बसलो होतो. एवढंच बोललो. कदाचित दोन मिनिटं. आवाज नीट लागला नाही.

भगवंतरावांनी चष्मा पुन्हा चढवला आणि म्हणाले, मग शकीलाबाईला टॉवरवर आणा.

ठरलं: १ जानेवारीपासून रोज अर्धा तास शकीला, रेडिओवरून, आणि तोच आवाज व्हॉट्सॲपवरून. डिजिटल विभागप्रमुख हैदर. (तोच करत होता.) माझ्याकडे वेळ सांगणे, हवामान, आणि हरवलेल्या जनावरांच्या सूचना. हा केंद्राचा कणा आहे असं मी म्हणालो. सगळ्यांनी मान्य केलं, चहा येत होता म्हणून.

३१ डिसेंबर, रविवार
नवे संकल्प करायला डायरी उघडली. मोबाइल बघितला. डायरी मिटली. फिरून आलो. पुन्हा उघडली. संकल्प: सकाळी लवकर उठायचं. हे जमण्यासारखं आहे.

१ जानेवारी २०१८, सोमवार. संध्याकाळी ७
सकाळी साडेसातला उठलो.

शकीलाचा पहिला कार्यक्रम. माइकला तिने रुमाल गुंडाळला, म्हणे फू फू येते. मी वेळ सांगितली, हवामान सांगितलं, जवळच्या रायपूरची एक काळी गाय सांगितली आणि उठायला लागलो. तिने हाताने बसवलं. लाइव्ह चालू होतं. म्हणाली, “भाऊ, थांबा. तुमच्या घरच्या वावरात काय झालं, ते तुमीच सांगा. माह्यापेक्षा तुमचं ऐकतील.”

समोर कागद नव्हता. हैदरने काचेपलीकडून बोट फिरवलं, चालू द्या म्हणून. सुरुवात कशी केली आठवत नाही. एवढं आठवतं की ‘कार्पासफल’ कुठेच आलं नाही. माह्या बापानं भरोसा ठेवला अन् मी पाहालेबी गेलो नाही, असं काहीतरी तोंडातून गेलं. चार मिनिटं बोललो असेन. प्रमाण भाषेचा संकल्प तेवीस वर्षांनी मोडला, तोही लाइव्ह. शकीलाने पुढे पाणी सरकवलं आणि पऱ्हाटी कधी उपटायची ते सांगायला लागली.

घरी यायला पाय निघेना. बाबा काय म्हणतील, ते मनात घोळत आलो. गावाला दोन चकरा मारल्या.

बाबा ओट्यावर बसले होते, रेडिओ मांडीवर, चालू. मला बघून म्हणाले, आज तू काऊन नव्हता? वेळ सांगतली अन् गायबच झाला. मी म्हणालो, होतो की. ते म्हणाले, नाही, नंतर दुसराच कोनी बोलून राह्यला होता. त्याच्या बापाचंबी आपल्यावानीच गेलं म्हने सगळं.

मी चपला काढत होतो.

बाबांनी रेडिओचा आवाज कमी केला. म्हणाले, चांगला सांगे तो मानूस. समजे सगळं. नवीन ठेवला का?

मी हो म्हणालो. नवीन आहे.

मंग त्यालेच ठेवा म्हनावं भगवंतरावले, बाबा म्हणाले.

सांगतो म्हणालो.